बेटावरचं बंड: कोकण किनारा समोर ठेवून कल्पित आरमार रचताना

कल्पित जगातल्या बेटावर राजाविरुद्ध बंड उभं करायचं ठरलं की बहुतेक लेखक आधी नायक आणि झेंडा ठरवतात. सुरुवात पिण्याच्या पाण्याच्या टाक्यापासून करावी. टाकं किती मोठं, ते कधी आटतं, खाडीच्या तोंडाशी किती पाणी असतं आणि व्यापारी कोणाच्या शिक्क्याचा परवाना विकत घेतो, एवढं ठरलं की निम्मी कथा आपोआप उभी राहते. या चारही प्रश्नांची खरीखुरी उत्तरं कोकणच्या किनाऱ्यावर आहेत. नावं बदला, राज्य बदला, आकाशात दोन चंद्र टांगा. पण खालचं गणित इथून उचला.

तक्रार एकच, पण मोजता येणारी

"राजा जुलमी आहे" एवढ्यावर कोळीवाडा होड्या घेऊन बाहेर पडत नाही. दर होडीमागे मोसमाला किती मासळी सरकारजमा होते, मिठागरातलं मीठ कोणाला विकायची सक्ती आहे, वेठीला वर्षात किती दिवस जावं लागतं, यातली एक गोष्ट निवडा आणि तिचा आकडा ठरवा. तो आकडा कोणत्या वर्षी वाढला, हेही ठरवा. बंड त्याच्या पुढच्या मोसमात सुरू होतं.

राजापुरीच्या खाडीच्या तोंडावर, आज जिथे जंजिरा आहे, तिथे आधी कोळ्यांचा मेढेकोट होता, म्हणजे लाकडी मेढी रोवून केलेला कोट. परंपरा सांगते की तो चाच्यांपासून बचावासाठी बांधला होता. पुढे कोळ्यांचा मुखिया राम पाटील निजामशाहीला जुमानेना, तेव्हा निजामशाहीकडून पिरमखान व्यापाऱ्याच्या मिषाने मद्याची पिंपं घेऊन आला, रात्रीपुरता आसरा मागितला आणि कोट घेतला. कथाकाराला यात दोन गोष्टी मिळतात. चाच्यांविरुद्ध बांधलेला कोटच राजाच्या नजरेत बंडाचा अड्डा ठरतो. आणि बेट पडतं ते बहुधा दरवाजातून आत घेतलेल्या माणसामुळे.

बेट: किती लांब, कोणासमोर

किनाऱ्यापासूनचं अंतर हा पहिला निर्णय. जुन्या तोफेचा नेम एका किलोमीटरच्या आतच भरवशाचा. समोरचा किनारा तुमच्या माणसांचा असेल तर बेट जवळ हवं, म्हणजे रात्रीत होडीने तांदूळ पोचतो. सिंधुदुर्गचं कुरटे बेट मालवणच्या इतकं जवळ आहे म्हणूनच तिथे २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालेलं एवढं मोठं बांधकाम पोसता आलं. किनारा राजाचा असेल तर तेच जवळचं बेट सापळा होतं: समोरच्या टेकडीवर चार तोफा चढवल्या की काम झालं. अशा वेळी खांदेरीसारखं चार-पाच किलोमीटर आत असलेलं बेट घ्यावं.

खांदेरीची हकिकत तर शिकण्यासारखी आहे. १६७९ साली पावसाळा सरता सरता शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीने तिथे माणसं उतरवली आणि तट चढवायला घेतला. मुंबईच्या तोंडावर किल्ला होतोय हे बघून इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला, जंजिऱ्याचा सिद्दीही आला. पण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून छोटी गलबतं रात्री सामान आणत राहिली आणि बांधकाम थांबलं नाही. त्यावर सिद्दीने काय केलं? १६८० च्या सुरुवातीला शेजारचं उंदेरी बेट ताब्यात घेतलं. तुमच्या नकाशावर बंडखोरांच्या बेटाशेजारी एक रिकामं बेट ठेवा. ते पहिल्या दिवशी कोणाच्याच लक्षात येऊ नये, आणि कथेच्या मध्यावर राजाने तिथे तोफा चढवाव्यात.

पाणी

इथे घाई करू नका. बेटावर ३०० माणसं आहेत असं धरू. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज ५ लिटर, अंघोळ समुद्रात. कोकणात पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओसरतो, म्हणजे कोरडे दिवस जवळपास २४०. हिशेब ३ लाख ६० हजार लिटरचा होतो. १२ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल टाक्यात नेमकं एवढं पाणी मावतं.

पण एवढ्यावर थांबलात तर तुमची माणसं चैत्रातच तहानेने मरतील. उघड्या टाक्यातून रोज ४-५ मिलिमीटर पाणी उडून जातं. २४० दिवसांत ते एक मीटरच्या वर जातं. थोडं झिरपतं. म्हणून खोली साडेचार मीटर धरा. ते भरायला २,५०० मिलिमीटर पावसात, निम्मं पाणी वाया जातं असं मानलं तरी, साडेचारशे चौरस मीटर उताराचा खडक पुरतो. पाऊस कमी पडत नाही. कमी पडते ती खोदाई. टाकं ५४० घनमीटरचं आहे. जांभ्यात एक माणूस रोज अर्धा घनमीटर फोडतो असं गृहीत धरलं, तर २० माणसांना ५४ दिवस लागतात. काळ्या पाषाणात त्याच्या कित्येक पट. आणि जांभा सच्छिद्र, तो पाणी धरत नाही, त्याला आतून चुन्याचा गिलावा लागतो. चुना भाजायला शिंपले आणि लाकूड हवं. लाकूड बेटावर नसतं.

विहीर असेल तर गोष्ट वेगळी. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी चहूबाजूंनी खारं पाणी असताना आजही आहेत. बेटात मुरलेलं पावसाचं पाणी हलकं म्हणून जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं. हळू उपसलं तर गोड राहतं, एकदम उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विहीर महिनोन्‌महिने मचूळ होते. वेढ्यात अडकलेल्या बेटावर किनाऱ्यावरची दोनशे माणसं आसऱ्याला येतात, तेव्हा नेमकं हेच घडतं. आसरा द्यावा की विहीर वाचवावी, हा प्रसंग लिहायला खलनायकही लागत नाही.

वेढा घालणारा शहाणा सेनापती वैशाखाच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. कार्तिकात आला तर टाकी भरलेली असतात.

बंद समुद्राचे शंभर दिवस

पावसाळ्यात दर्या बंद. होड्या वर ओढून शाकारतात आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्र उघडतो. बंडखोरांच्या वर्षाचं हेच घड्याळ आहे, आणि राजाचंही: त्याची जड जहाजंसुद्धा आषाढात बाहेर पडत नाहीत. लेखक या काळात कथा पुढे ढकलून मोकळे होतात. खरं तर कट, लग्नं, फितुरी, जहाजबांधणी सगळं याच दिवसांत होतं.

साठा शंभर दिवसांचा धरा. तांदूळ माणशी ६०० ग्रॅम, ३०० माणसांना १८ टन. सोबत सुकट, सुके बोंबील, सोडे, कुळीथ, नाचणी, आमसुलं, मीठ, नारळ. हे सगळे लिहितात. सरपण कोणी लिहीत नाही. दिवसाला २०० किलो लाकूड धरलं तर शंभर दिवसांना २० टन, तांदळापेक्षा जास्त, आणि तेही कोरडं राहायला हवं. सरपण संपलं की तांदूळ असून उपास पडतो. चौथ्या आठवड्यात लोक जुन्या होड्या फोडायला लागतात, आणि होडी फोडलेला माणूस नारळी पौर्णिमेला काय घेऊन बाहेर पडणार?

तोफेची दारू ही दुसरी अडचण. सोरा, म्हणजे दारूतला मुख्य क्षार, दमट हवेत ओल धरतो, त्यात मिठाचा अंश असेल तर जास्तच. दारूकोठार जमिनीपासून उचललेलं, जाड भिंतीचं आणि वस्तीपासून लांब असावं. पाऊस उघडला की पहिलं ऊन दारू वाळवण्यासाठी. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या चकमकीत निम्म्या तोफा फुसक्या निघाल्या, तर वाचकाला त्याचं कारण आधीच ठाऊक असू द्या.

तिथी, भरती आणि वारा

लढाईची वेळ नायकाच्या मनावर नसते. ती पंचांगावर असते. किनाऱ्यावर सर्रास चालणारा आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, सप्तमी-अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान. मुंबईकडे उधाणाचं पाणी चार-साडेचार मीटर चढतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याने. तुमचं बेट उत्तर कोकणच्या धर्तीवर आहे की दक्षिण, हे आधी ठरवा, कारण ओहोटीत उघडा पडणारा चिखल आणि खडक त्यावर अवलंबून आहेत.

वाऱ्याचं वेळापत्रकही पक्कं आहे. हिवाळ्याच्या दिवसांत रात्री उशिरा ते सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते. दुपारी खारे वारे उलटे, समुद्राकडून आत. मधे दोन-तीन तास वारा पडतो.

आता हे एकत्र करा. खाडीत लपलेल्या ताफ्याला पहाटे ओहोटीबरोबर, मतलईवर बाहेर पडायचंय आणि दुपारी भरतीबरोबर, खाऱ्या वाऱ्यावर लूट घेऊन परतायचंय. पहाटे पाचला भरती पूर्ण असायला हवी. म्हणजे षष्ठी किंवा सप्तमी. अकरापर्यंत ओहोटी, मग साडेपाचपर्यंत भरती, हिशेब जमला. पक्ष कोणता? वद्य सप्तमीला चंद्र मध्यरात्री उगवतो आणि पहाटे डोक्यावर असतो, शिडं लांबून दिसतील. शुद्ध सप्तमीला तो मध्यरात्रीच मावळतो. म्हणून शुद्ध षष्ठी-सप्तमी.

पण त्या दिवशी भांग आहे. खाडीच्या मुखाशी साचलेल्या वाळूवर भांगाच्या भरतीचं पाणी उधाणापेक्षा बरंच कमी असतं. हलकी गलबतं सुटतील, भरलेली गुराब, म्हणजे तोफांचं मोठं जहाज, तळ टेकेल. तोफा आणि गोळे आदल्या उधाणाला बेटावर पोचवून गुराब रिकामी ठेवायची, किंवा ती आठवडाभर आधीच बाहेर नांगरून ठेवायची आणि दिसण्याचा धोका पत्करायचा. अमावास्येची गर्द काळोखी रात्र नवखा लेखक निवडतो. त्या पहाटे सहाला पूर्ण ओहोटी असते आणि अख्खा ताफा चिखलात बसलेला असतो.

गुराबा आणि गलबतं

आंग्र्यांच्या आरमाराचा कणा या दोन जातींचा. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दोन काठ्यांची साधारण १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची ३०० पर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी, आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांबवर निघालेली. त्या नाळेवरून नेम धरून ९ ते १२ रत्तली (रत्तल म्हणजे पौंड) गोळ्याच्या दोन तोफा थेट समोर मारतात. गलबत ७० टनांच्या आतलं, मोठं तिकोनी शीड, ४० ते ५० वल्ही, २ ते ४ रत्तली सहा-आठ लहान तोफा. वल्ह्यांवर ताशी सहा-साडेसहा किलोमीटर. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं म्हणजे पूर्ण वाढलेलं आरमार. तुमचं पहिल्या वर्षाचं बंड दोन गुराबा आणि आठ गलबतांवर उभं करा.

हल्ल्याची रीत या बांधणीतूनच येते. वारा पडला की राजाचं उंच जहाज जागच्या जागी अडकतं. गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढत नेतात, तेही जहाजाच्या मागच्या बाजूने, कारण त्याच्या तोफा दोन्ही कुशींवर आहेत आणि मागे फार थोड्या. गुराब नाळेवरच्या तोफांनी डोलकाठ्या आणि दोर तोडते. जहाज पांगळं झालं की गलबतांवरची दोन-तीनशे माणसं एकदम चढतात. जहाज बुडवायचं नसतं. बुडालेल्या मालाचा उपयोग काय?

यात चुकतं कुठे? अंतरात. तटाच्या ३६ मीटर उंचीवरून क्षितिज किती लांब, ते काढायला मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घेऊन ३.६ ने गुणा: साधारण २२ किलोमीटर. जहाजाची काठी २५ मीटर उंच असेल तर तिच्यासाठी आणखी १८. म्हणजे शिडाचं टोक ४० किलोमीटरवर दिसू शकतं. उन्हाळी धूसर हवेत निम्मंच धरा. वारा मंद असताना ते जहाज ताशी ७ किलोमीटरने येईल, तयारीला साडेपाच तास मिळतील. पण वारा ते १५ किलोमीटरवर असतानाच पडला, तर वल्ह्यांवर सव्वादोन तास, आणि शेवटी दमलेल्या हातांनी तलवार. म्हणून दर गलबतावर वल्हेकऱ्यांच्या दोन पाळ्या हव्यात, आणि चढाईची माणसं वेगळी. तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, ओरडून पाळी बदलतो तो क्षण लिहा. वाचकाला समुद्र तिथे लागतो.

जहाजं बांधायची जागा बेटावर नको. सागवान खाडीच्या वरच्या अंगाला मिळतं, आणि तिथे शत्रूची मोठी जहाजं शिरत नाहीत. विजयदुर्गची गोदी म्हणूनच वाघोटण खाडीत, गिर्ये गावाकडे आहे. लाकूड पोखरणारा किडा आणि तळाला चिकटणारे शिंपले यांमुळे तळ दर मोसमात कोरडा करून खरवडावा लागतो, सांध्यांत कापूस-काथ्या ठोकून राळ आणि माशाचं तेल भरावं लागतं. ज्या ताफ्याने दोन मोसम हे केलं नाही, तो तिसऱ्या मोसमात कोणालाही गाठू शकत नाही.

दस्तक

बंडाचं खरं वय इथून मोजतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हिंदी महासागरात कार्ताझ नावाचा परवाना लादला: जहाजाचं नाव, नाखवा, माल, शस्त्रं, कुठून कुठे, सगळं त्यात. परवाना नसेल तर जहाज जप्त. कान्होजी आंग्र्यांनी (१६६९-१७२९) आपलं दस्तक, म्हणजे तसाच परवाना, काढलं आणि तोच हक्क आपल्या पाण्यात सांगितला. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं. त्यांच्या बाजूने बघितलं तर ते मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते आणि आपल्या किनाऱ्याची जकात वसूल करत होते. भांडण पेटलं ते देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रज निशाणाखाली, दस्तकाविना जाऊ लागला तेव्हा.

तुमच्या बेटाचं दस्तक पूर्ण लिहून काढा, कथेत त्याच्या दोनच ओळी आल्या तरी. मुदत एका मोसमाची, नारळी पौर्णिमा ते वैशाख अखेर. दर टनांवर. शिक्का एकाच माणसाच्या हाती. खोटं दस्तक ओळखायची एक खूण, फक्त तांडेलांना ठाऊक असलेली. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: दस्तक असलेलं जहाज आपल्याच माणसाने लुटलं तर भरपाई बेटाच्या खजिन्यातून, आणि तीही त्याच मोसमात. हा नियम एकदा मोडला की पुढच्या वर्षी कोणी दस्तक घेत नाही, लूट वाढवावी लागते, लुटीने किनाऱ्यावरचा बाजार बसतो, आणि तांदूळ विकणारा वाणी राजाच्या ठाणेदाराकडे जाऊन बसतो. लूट वाटताना म्हणून किनाऱ्याचा वाटा बाजूला काढा. राजाचे शिपाई सूड घेतात तो बेटावर नाही, किनाऱ्यावरच्या होड्या आणि जाळी जाळून.

जादू घालायची तर कुठे

वरच्या सगळ्या अडचणी जादूने सुटत असतील तर कथा संपली. खारं पाणी गोड करणारा मंत्र नको, वारा बोलावणारा मांत्रिक नको. निदान त्याची किंमत गणितात मांडा, जसं की एक तासाच्या वाऱ्यासाठी पुढचे तीन दिवस सगळ्या किनाऱ्यावर वारा पडून राहील.

कोकणातल्या श्रद्धांमधून फार नेमकी सामग्री मिळते. कौल घ्या: देवाच्या अंगाला चिकटवलेली फुलं किंवा तांदूळ उजवीकडे पडले तर होकार, डावीकडे तर नकार. असा देव सल्ला देत नाही, फक्त विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. म्हणून प्रश्न कोण विचारतो आणि कोणत्या शब्दांत, यावर सत्ता ठरते. गावाचा राखणदार फक्त आपल्या सीमेत राखण करतो. मग समुद्रात सीमा कुठे? भरतीच्या रेषेवर की ओहोटीच्या? उधाणाला राखण दोनशे पावलं मागे सरकत असेल तर राजाचा सेनापती कोणत्या तिथीला येईल, हे तुम्हाला आता काढता येईल.

राजा काय करेल

समोरासमोरच्या हल्ल्याने बेट सहसा पडत नाही. इंग्रजांनी १७१८ ला खांदेरीवर, १७२० ला विजयदुर्गावर आणि १७२१ ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली, तिन्ही फसल्या. आंग्र्यांची ताकद तुटली ती घरातून. १७३३ ला कान्होजींचा मुलगा सेखोजी गेल्यावर भावांत वाटण्या झाल्या, कुलाबा एकाकडे, दक्षिणेचे किल्ले दुसऱ्याकडे. फेब्रुवारी १७५६ मध्ये याच भावांतल्या तुळाजीच्या विजयदुर्गावर इंग्रज समुद्रातून आले आणि पेशव्यांचं सैन्य जमिनीवरून, आणि बंदरात एकमेकांना लागून नांगरलेलं आरमार एकाच आगीत जळालं. तुमचा ताफा रात्री कधी एका जागी बांधू नका, निदान बांधणारा का बांधतो हे आधी दाखवा.

राजाचा दुसरा मार्ग तहाचा, आणि कथेसाठी तो जास्त कठीण. १७१३ साली पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींशी तह केला: कान्होजी ताराराणींचा पक्ष सोडून शाहू महाराजांकडे आले, सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडे राहिले. तुमच्या राजाचा कौलनामाही असाच लिहा, कलमागणिक. किल्ले कोणाकडे, जुन्या लुटीचा हिशेब माफ की नाही, पळून आलेली वेठीची माणसं परत द्यायची का, होडीमागचा तो पहिला कर किती राहणार. तारीख नारळी पौर्णिमेच्या आठ दिवस आधीची घाला, म्हणजे बेटावर सरपण संपलेलं असेल आणि समुद्र अजून उघडलेला नसेल. शेवटचं कलम दस्तकाचं ठेवा: यापुढे शिक्का कोणाचा. सही करणाऱ्याने सगळी कलमं मान्य करून नेमकं याच ओळीवर बोरू थांबवला, तर समोर बसलेल्या कारकुनाने काय करायचं, ते आधी ठरवून ठेवा.